अंगणवाडीचं अंगण

यंदाच्या ज्येष्ठात आमच्या अंगणवाडीच्या सेविकाताई घरी आल्या. पावसाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या. ताई पायरीवर टेकल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, माती मिळंल का? दोन गोणी."

मला आधी कळलंच नाही. उभा जन्म खरवईत गेला. या गावात लोकांनी माझ्याकडे बियाणं मागितलं, बैल मागितले, उसने पैसे मागितले. माती मागायला कुणी आलं नव्हतं. ताईंनी मग खुलासा केला. अंगणवाडीत परसबाग करा असं वरून सांगणं आहे. अंगणवाडी भरते भाड्याच्या एका खोलीत. पुढे पेव्हर ब्लॉक, मागे दुसऱ्या इमारतीची भिंत. ताईंनी रंगाचे रिकामे डबे जमवले, तळाला खिळ्याने भोकं पाडली, पण भरायला माती नाही. रस्त्याकडेची उचलली तर त्यात सिमेंटची खडी आणि काचा निघाल्या.

खरवई म्हटलं की आता लोकांना एमआयडीसी आठवते. बदलापूर पूर्वेचं हे गाव माझ्या लहानपणी भाताचं होतं. पावसाळ्यात घरातून बाहेर पडलं की बांधावरूनच चालायचं. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर किती वाढली ते सकाळच्या लोकलच्या दारात लोंबकळलं की कळतं. माझीही सव्वा एकर भातजमीन होती, भावांच्या हिश्श्याला लागून. ती मी विकली. कुणी फसवलं नाही, कुणी दमदाटी केली नाही. मुलीचं लग्न होतं, मुलाचं शिक्षण होतं आणि खरं सांगायचं तर सगळे विकत होते म्हणून मीही विकली. राहिले ते घरामागचे दोन गुंठे आणि त्यातली विहीर. तेही सामायिक.

मी ताईंना म्हटलं, "माती देतो. पण डब्यात कशाला कोंबता? पोरांनाच इकडं आणा की."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणते. पण काका, ओरडायचं नाय हां."

मी ओरडलोच. पहिल्या दिवशी एकोणीस मुलं आली, तीन ते सहा वर्षांची. मी दोन दिवस खपून वाफे केले होते. शेतकऱ्याचा वाफा असतो तसे, चार फूट रुंद, सुतळी लावून सरळ, शेणखत मिसळून माती पिठासारखी केलेली. मुलांनी तो मऊ ढीग बघितला आणि सगळी एकदम त्यावर चढली. एकाने उडी मारली, मग सगळ्यांनी मारल्या. मी ओरडलो तशी एक लहानगी मोठ्याने रडायला लागली. तिचं बघून आणखी चार रडली. ताईंनी काही न बोलता मुलं गोळा केली आणि नेली.

रात्री जेवताना आमची मंडळी म्हणाली, "वाफं कुनासाठी केलं व्हतं? भेंडीसाठी का पोरांसाठी?"

मी उत्तर दिलं नाही. पण पडल्या पडल्या आजी आठवली.

माझ्या लहानपणी मला बालवाडी ठाऊक नव्हती. मी साठच्या दशकातला चार-पाच वर्षांचा पोर. आवणीच्या दिवसांत घरात कुणी थांबायचं नाही, म्हणून आम्हा लहान पोरांना शेतावर न्यायचे आणि बांधावर इरल्याखाली बसवायचे. आजीला आवणी व्हायची नाही, तिची कंबर गेली होती. ती आमच्यावर राखण. घरामागच्या परसात तिचे काकडी-शिराळ्याचे मांडव असत. त्या परसाचा एक कोपरा, माझ्या आडव्या हाताएवढा, तिने मला दिला होता. "ह्यो तुजा. यात मी हात नाय घालनार." मी त्यात काय वाटेल ते पेरायचो. चिंचोके पेरले, एकदा बैलाच्या गळ्यातली तुटलेली घंटा पेरली. आजी हसली नाही. फक्त दाणा पेरताना माझं बोट धरून सांगायची, "एकच पेर आत घाल रं. दोन घातलास त दाना कुजल, वरच ठेवलास त चिमन्या नेतील." बोटाचं पेर म्हणजे आमची फूटपट्टी होती. गंमत अशी की लहान मुलाच्या बोटाचं पेर भेंडी-चवळीच्या दाण्याला बरोबर बेताचं खोल पडतं. माझ्या आताच्या बोटाचं जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाफे मोडले आणि नवे केले. रुंदी दोन फूट. तीन-चार वर्षांच्या पोराचा हात फूटभर पोचतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसलं तर वाफ्याच्या मध्यापर्यंत हात जातो आणि पाय आत घालावा लागत नाही. मधल्या वाटा मात्र ऐसपैस केल्या, दोन पोरं टमरेल घेऊन एकमेकांना न ढकलता जातील इतक्या. एका कोपऱ्यात मातीचा ढीग तसाच ठेवला, उड्या मारायला. कुंपणाचा एरंड आणि धोतरा उपटून टाकला, कारण त्यांच्या बिया विषारी आणि या वयात हातातलं तोंडात जायला वेळ लागत नाही. विहिरीला पूर्वीच जाळी होती, तिला कुलूप घातलं.

हे करताना एक गोष्ट डोक्यात घोळत होती. अंगणवाडी हा शब्द. रोज बोलतो, पण त्यात अंगण आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. खोलीत भरते ती अंगणवाडी कशी? मी दहावीपर्यंत शिकलो, अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली त्या सुरुवातीच्या वर्षांत. त्यापुढचं शिक्षण वाचनालयातलं. तिथून मी अनुताई वाघांचं आत्मचरित्र आणलं, 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ते वाचून संपलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्याचं कारण पुढे सांगतो.

अंगणवाडी हा शब्द दिल्लीहून आलेला नाही, तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. आपला म्हणजे जुना ठाणे जिल्हा. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. डहाणू तालुक्यात समुद्राकाठी बोर्डी गाव आहे. १९४५ च्या अखेरीस तिथे ताराबाई मोडक आल्या. त्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून लहान मुलांच्या शिक्षणात पडले आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. १९२६ मध्ये या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंची पद्धत आपल्याकडे आणायची, पण आपल्या मुलांना मानवेल अशी करून, हा त्यांचा खटाटोप. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवला. म्हणजे शहरात नाव होतं, काम होतं, मध्यमवर्गातली मुलं येत होती. पण खेड्यातल्या पोराचं काय, हा प्रश्न त्यांना सुटेना. गांधीजींच्या नयी तालीममध्येही १९४५ च्या सुमारास सात वर्षांच्या आतल्या मुलांचा विचार सुरू झाला होता, त्याला पूर्वबुनियादी म्हणत. तो काळच तसा होता.

आणि तो मुलूख कसा होता? त्याच १९४५ साली, त्याच टापूत वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले होते, गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या. सावकार-जमीनदाराच्या गवताच्या कापणीवर आणि शेतावर आईबाप फुकट राबायचे. अशा घरातली तीन-चार वर्षांची पोरं अंगावर चिंधी नसलेली, नाकात शेंबूड, डोक्यात उवा. ती शाळेच्या पायरीवर कशाला येतील? ताराबाईंनी गावात बालवाडी मांडली, पण पाड्यावरची, वस्तीवरची मुलं काही येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीवर नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं. आधी मुलांना आंघोळ, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, खेळ, काम. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. इतकं साधं नाव.

या कामात त्यांच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या त्या १९९२ साली डोळे मिटेपर्यंत त्या मुलखाच्याच झाल्या.

माझ्यासारख्या शेतकऱ्याला त्यांच्या कामातली एक गोष्ट सगळ्यात पटली. माँटेसरी पद्धतीला साधनं लागतात, घोटीव लाकडाचे ठोकळे, दट्ट्या, रंगीत पट्ट्या. ती महाग. बोर्डीच्या वस्तीवर ती कुठून यायची? या बायांनी आजूबाजूला बघितलं. समुद्राचे शंख-शिंपले, झाडाच्या बिया, पानं, फुलं, खडे, काड्या, चिकणमाती. मोजायला बिया, रंग ओळखायला पानं-फुलं, आकार करायला माती. म्हणजे रानच शाळेत आणलं. काही पुढारलेल्यांना तेव्हा हे गरिबाचं स्वस्त शिक्षण वाटलं असेल. मला उलट वाटतं. लाकडाचा ठोकळा दहा वर्षं तसाच राहतो. बी तसं राहत नाही, ती मातीत पडली की तिचं काहीतरी वेगळंच होतं, आणि ते काय होतं हे पोराला उद्या येऊन बघावं लागतं. माँटेसरी बाईंनाही हे ठाऊक होतं. मुलांनी रोपं सांभाळावीत, त्यातून वाट बघायला शिकावं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

दहा-अकरा वर्षांनी हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे विकासवाडी झाली. तान्ह्या मुलांचं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, सगळं एका जागी, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी मुलगीही त्याला कडेवर घेऊन शाळेत येऊ शकेल. गुरं राखणारी पोरं तरीही येत नव्हती. मग कुरणशाळा निघाली. गुरं कुरणात चरतायत आणि झाडाखाली शाळा चाललीये. मी स्वतः गुरं राखलीत, म्हणून सांगतो, गुराख्याला जेवढी झाडंझुडपं ओळखता येतात तेवढी शिकवायला मास्तराला जन्म लागेल.

आता ती लाजेची गोष्ट. कोसबाडच्या त्याच टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, १९७६ पासून. ऐंशीच्या दशकात आम्हा काही शेतकऱ्यांना तिथे भातशेतीच्या प्रशिक्षणाला नेलं होतं. बदलापूरहून पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलून डहाणू रोड. मी तीन दिवस राहिलो. भाताच्या जाती बघितल्या, चिकूच्या वाड्या बघितल्या, कलम कसं बांधतात ते वहीत चित्र काढून आणलं. संध्याकाळी टेकडीवर फिरताना लहान मुलांची गाणी ऐकू आली होती. काय शाळाबिळा असेल म्हणून पुढे गेलो. अनुताई तेव्हा हयात होत्या. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. मी त्या टेकडीवर होतो आणि मला काही पत्ता नव्हता. कलमाचं चित्र अजून आहे माझ्याकडे.

गोष्ट आणखी मागे जाते, तीही सांगून टाकतो. आमच्याकडे नाक्यानाक्यावर पाट्या आहेत, ज्युनिअर के.जी., सिनिअर के.जी. नातवाला घातलं तेव्हा मी त्याच्या बाईंना विचारलं होतं, के.जी. म्हणजे काय हो? म्हणाल्या, किंडरगार्टन. हा जर्मन शब्द. किंडर म्हणजे मुलं आणि गार्टन म्हणजे बाग. जर्मनीत फ्रोबेल नावाचा गृहस्थ होऊन गेला, जन्म १७८२. आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेली. पोरसवदा असताना जंगलखात्याच्या माणसाकडे उमेदवारी केली, तिथे झाडांत रमला. १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. लोक म्हणतात, मुलं म्हणजे रोपं आणि शिक्षक म्हणजे माळी, असा त्याचा अर्थ. ते आहेच. पण नुसती उपमा नव्हती, तिथे खरोखरची बाग असावी असं त्याचं म्हणणं होतं. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, त्याच्यावर त्याच्या नावाची पाटी आणि त्यांच्याभोवती सगळ्यांच्या सामायिक मशागतीचे वाफे. स्वतःच्या वाफ्यात मुलाने हवं ते करावं, सामायिक वाफ्यात मात्र सगळ्यांबरोबर वागावं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. "ह्यो तुजा. यात मी हात नाय घालनार." आमच्या आजीला सही येत नव्हती.

प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली होती. सरकारला त्यात नास्तिकपणा दिसला. फ्रोबेल पुढच्याच वर्षी गेला, बंदी उठली १८६० ला. तीन वर्षांच्या पोरांच्या बागेला सरकार भ्यालं, हे वाचून मला हसू आलं. आता कुणाला बंदी घालावी लागत नाही. के.जी.तला 'जी' पाटीवर राहिला आहे आणि खाली टाइल्स.

अंगणवाडीचंही थोडंफार तसंच झालं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरात ३३ ठिकाणी. आपल्या राज्यात मेळघाटातल्या धारणीचा त्यात समावेश होता. ताराबाई १९७३ मध्येच गेल्या होत्या, त्यांना हे बघायला मिळालं नाही, पण नाव त्यांचं उचललं. पुढे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशात १४ लाख अंगणवाड्या झाल्या पाहिजेत असा आदेश दिला. इतका पसारा वाढला त्यात आहार, वजन, लसीकरण ही कामं पुढे आली. ती यायलाच हवी होती. उपाशी पोराला बागेत नेऊन काय करणार? मी त्याला नावं ठेवत नाही. आमच्या ताईंना मी बघतो, एका हाताने खिचडी ढवळतात आणि दुसऱ्या हाताने मोबाईलमध्ये वजनं भरतात. मानधन किती, तेही साऱ्या गावाला ठाऊक. त्यात अंगण कधी सुटलं ते कुणालाच कळलं नाही. आणि आमच्या गावात ज्यांच्याकडे अंगणं होती त्यांनीच ती विकली, हेही लिहायला हवं.

तर आमच्या दोन गुंठ्यांचं पुढे काय झालं ते सांगतो.

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. मुलं दहाला यायची, तासभर थांबायची. पहिल्यांदा मोठे दाणे घेतले, चवळी, भेंडी, भोपळा, कारण बारीक बी या बोटांत धरवत नाही. मेथी मुठीने फेकू दिली. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, चवळी पाच-सहा. यापेक्षा जास्त वाट या वयाला झेपत नाही. पहिल्या आठवड्यात निम्मी रोपं पोरांनी उपटली. आली का बघायला उपटायची आणि परत खोचायची. माझ्या पोटात गोळा यायचा, पण मी मागे हात बांधून उभा राहायचो. ज्याने तीनदा उपटलं त्याचं रोप मेलं, शेजारणीने उपटलं नाही तिचं वाढलं. तेव्हापासून उपटणं कमी झालं. पाण्याचंही तसंच, एका टमरेलाच्या जागी दहा ओतायची. आम्ही डब्यांना खालून भोकं पाडून झाऱ्या केल्या, वाफ्यापर्यंत जाईतो निम्मं पाणी पायावर सांडायचं आणि रोपाला बेताचं मिळायचं. ही युक्ती ताईंची.

रोपांपेक्षा किड्यांत त्यांचा जीव जास्त. वाणी बोट लावलं की वेटोळं करते, त्यावरच एक सकाळ गेली. एका गवंड्याचा पोरगा होता, बिहारकडचा. अंगणवाडीत तो तोंड उघडत नसे, मराठी येत नव्हती. मी ढीग उकरला तर गांडूळ निघालं. तो एकदम ओरडला, "केंचुआ! केंचुआ!" सगळी पोरं त्याच्याभोवती जमा झाली. त्याने ते तळहातावर घेतलं, कुणाची हिंमत होईना. त्या दिवसापासून आमच्याकडे गांडुळाला केंचुआच म्हणतात. ताई म्हणाल्या, पोरगा आता वर्गातही बोलतो, थांबवावं लागतं.

पहिल्या दिवशी माझ्यामुळे रडलेली ती लहानगी महिनाभर माझ्यापासून लांब राहिली. तिचा वाफा विहिरीकडचा. एकदा तिने माझं धोतर ओढलं आणि नुसतं बोट दाखवलं. भेंडीला फूल आलं होतं, पिवळं, आत जांभळा डोळा. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, "आजोबा, ओरडू नको. मी तोडनार नाय." मी काय बोलणार?

एक वाफा मी भाताला ठेवला होता. रोपं तळहाताएवढी झाली तेव्हा विचारलं, हे काय? सगळ्यांचं एकच उत्तर, गवत. मी म्हटलं, हा भात. एकाने मला समजावलं, "भात पांढरा असतो, कुकरमदी असतो." आपल्या भाषेत शेतातला तोही भात आणि ताटातला तोही भात. या मुलांकडे शब्द एकच राहिला होता आणि त्यातला अर्धा अर्थ गेला होता. दसऱ्याच्या आधी लोंब्या भरल्या. जुन्या रिवाजाप्रमाणे दाराला तोरणात बांधायला प्रत्येक मुलाला पाच-पाच लोंब्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दोन आया विचारायला आल्या की ह्याचं करायचं काय असतं. दोघी इमारतीतल्या, एक घाटावरची, एक गुजरातकडची. आमच्या मंडळीने त्यांना सगळं बैजवार सांगितलं. भात एकूण निघाला शेरभर. तो हाताने झोडपला, उखळात सडला, आणि अंगणवाडीत खीर झाली. माणशी दोन चमचे आली असेल.

लाल माठ मात्र रग्गड आला. घरी भाजीला तोंड वाकडं करणारी पोरं स्वतः खुडलेला माठ खातात, हे मी आधी कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं. सगळीच खात नाहीत. तीन जण शेवटपर्यंत नाही म्हणाले आणि ताईंनी जबरदस्ती केली नाही.

आता अडचण. या दोन गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर चौघांची नावं आहेत, माझं आणि पुतण्यांची. शेजारच्या तुकड्यासकट हा तुकडा घेतला की मोठी इमारत बसते, असा प्रस्ताव आला आहे. पुतण्यांनी सही केली. माझा मुलगाही म्हणतो, बाबा, द्या. तो चुकीचं बोलत नाही. भाड्याच्या घरात राहतो, दोन मुलं आहेत, कर्जाचे हप्ते आहेत. मी सव्वा एकर विकली तेव्हा त्याला विचारलं नव्हतं, आता दोन गुंठ्यांसाठी त्याला अडवून धरायला मला तोंड नाही.

मी नकाशा बघायला गेलो होतो. त्यात लहान मुलांची खेळायची जागा दाखवली होती, हिरव्या रंगात. तिथल्या तरुण इंजिनिअरला मी विचारलं, इथं माती किती खोल? तो म्हणाला, "काका, खाली पार्किंग आहे. वर फूटभर माती टाकता येईल. पण आम्ही रबराच्या लाद्या देतोय, पोरं पडली तरी लागत नाही." मुलगा भला होता, मला चहा पाजला. फूटभर मातीत मेथी येते, माठ येतो, चवळीही येईल. मी त्याला म्हटलं, लाद्या अर्ध्याच जागेत लाव, अर्ध्यात मातीच टाक, आणि ते कागदावर लिहून दे. तो म्हणाला, साहेबांना विचारतो. अजून उत्तर आलेलं नाही.

भात काढल्यावर, कार्तिकात, रिकाम्या वाफ्यात आम्ही वाल पेरले. आमच्याकडे भातामागून वालच पेरतात, जमिनीतल्या ओलीवर येतात, वरून पाणी लागत नाही. एक पेर आत. एकोणीस मुलांनी दोन-दोन दाणे पेरले, त्यातले एकतीस उगवले. माघात शेंगा भरतील. मुलांना मी पोपटी कबूल करून बसलो आहे, मडक्यात शेंगा घालून, वर पालापाचोळा पेटवून. मुलाला सांगितलं आहे, पोपटी होईपर्यंत माझ्यापुढे कागद आणू नकोस. तो हो म्हणाला. मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला लागतो, तो आता गावात कुठे दिसत नाही. एमआयडीसीच्या मागच्या माळावर असेल म्हणतात. रविवारी त्याला सुट्टी आहे, तेव्हा दोघं जाऊन बघणार आहोत.